झेंडूखालची गाठ

मित्रांनो, जरा लांबच बसा. अजून लांब. हं, आता ठीक आहे. माझ्या मांडीशी येऊन बसायला मी काही कोणाची आजी नाही. मी पत्रा दाबणारी एक जुनी प्रेस आहे. मला भूक नाही, झोप नाही आणि दयाही नाही. माझ्या पोटात जे येईल ते मी दाबते. पितळ आलं तर पितळ, दुसरं काही आलं तर दुसरं काही. मला त्यातला फरक कळावा अशी सोय कोणी केलेली नाही.

भंडाऱ्याजवळ शहापूरला, महामार्गाच्या कडेला पत्र्याची एक शेड आहे. तिथे मी उभी असते. समोरून जवाहरनगरच्या कारखान्याच्या बसगाड्या जातात, पलीकडे धानाची शेतं आहेत आणि शेतांच्या मागे तलाव. आमच्या शेडमध्ये पितळेची आरतीची तबकं होतात. तुमच्या घरच्या देवघरात एखादं असेलही. तेव्हा माझी गोष्ट नीट ऐका, कारण त्या तबकाची आणि माझी एकच गोष्ट आहे.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. आधी मी नुसती कागदावर होते. एक तरुण इंजिनिअर माझ्या रेघा ओढत असे. ओढता ओढता तो मधेच थांबायचा आणि स्वतःचे दोन्ही हात टेबलावर ठेवून बघत बसायचा. लोक त्याला हसायचे. पण त्या हातांकडे बघूनच त्याने माझ्यात तीन गोष्टी घातल्या. पहिली, माझी दोन बटणं. एक डावीकडे, एक उजवीकडे, चांगलं अंतर राखून. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय मी खाली यायचं नाही. म्हणजे माणसाचे दोन्ही हात बटणांवर अडकलेले आणि माझ्या तोंडापासून दूर. दुसरी, एकदा दाब झाला की दोन्ही बटणं सुटली पाहिजेत, तरच पुढचा दाब. म्हणजे एखादं बटण कोणी कायमचं दाबून ठेवलं तर मी चालणारच नाही. आणि तिसरी, तोंडासमोर एक लोखंडी जाळी.

त्या इंजिनिअरला माणसं बरोबर ओळखता येत होती. माणसं बटण दाबून ठेवणार, हे त्याला मी जन्मायच्या आधीच ठाऊक होतं.

मग माझं अंग ओतलं गेलं. लाल रसरशीत लोखंड वाळूच्या साच्यात पडलं आणि थंड झाल्यावर मला कित्येक महिने उघड्यावर टाकून दिलं. तुम्हाला वाटेल, ही हेळसांड झाली. नाही, ती काळजी होती. ओतीव लोखंडाच्या अंगात ताण असतो. ऊनपाऊस खाऊन तो निवला की मगच त्याला घासायचं, तासायचं, नाहीतर ते पुढे कधीतरी तडकतं. लोखंडाचा ताण जावा म्हणून माणसं एवढी वाट बघतात. माणसांच्या बाबतीत एवढा धीर मी कुठे पाहिला नाही.

मला घासलं, माझ्या पाठीवर जड चाक बसवलं, तेल पाजलं. शेवटी कारखान्याचा मालक आला. कागद बघून म्हणाला, "हे बटणं सुटायचं लफडं कशाला? गिऱ्हाईक मागतं का?" गिऱ्हाईक मागत नव्हतं. ती दुसरी गोष्ट माझ्यातून काढली. इंजिनिअर काहीतरी बोलला, पण ते मोठ्याने नव्हतं. मी ट्रकमध्ये चढले तेव्हा माझ्याजवळ दोनच गोष्टी उरल्या होत्या.

शहापूरला आल्यावर तिसरी गेली. इथल्या मालकाने आठवडाभर काम बघितलं आणि जाळी उघडण्या-मिटण्यात वेळ जातो म्हणून ती उतरवली. ती जाळी पुढे मागच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला लागली. कोंबड्या सुरक्षित आहेत.

आता तबकाचं ऐका. तेही असंच आधी कागदावर होतं. नागपूरच्या एका डिझायनर बाईंनी ते काढलं. मधे कमळ, भोवती पाकळ्या आणि काठ मुद्दाम उंच. त्या स्वतः शेडमध्ये आल्या होत्या. साचा बसवून मी पहिलं तबक काढलं, तेव्हा त्यांनी काठावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अजून जरासा उंच हवा. कापूर जळताना बायकांची बोटं भाजतात." त्यासाठी साचा उतरवला, पुन्हा कापला, पुन्हा कडक केला, पुन्हा घासून बसवला. घरी बसून आरती करणाऱ्या कोण्या अनोळखी बाईचं बोट भाजू नये म्हणून एवढा खटाटोप! मला कौतुक वाटलं. तबक विकत घेणाऱ्याला बोटं असतात, हे सगळ्यांच्या लक्षात होतं.

माझ्यासमोर स्टुलावर बसली ती नंदिनी. तलावाकाठच्या ढिवरटोलीतली पोर. तिचा बाप मंगरू तलावात मासे धरतो. आई सखाबाई आमच्याच शेडमध्ये होती. ती तयार तबकं धानाच्या भुशात घोळून पुसायची, म्हणजे पितळ लखलखतं. मायलेकी सकाळी बरोबर यायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत भाकरी खाऊन झाली की नंदिनी पिशवीतून जाळं काढायची. डाव्या हाताच्या बोटांत दोरा ताणून धरायचा आणि उजव्या हाताने सुई फिरवायची. मंगरूची सगळी जाळी तिच्या हातची. त्या घराची चूल त्या दोन हातांवर चालायची, आणि नंदिनीला जाळ्याचं वेड होतं ते वेगळंच. बोलता बोलता, न बघता ती गाठी मारत जायची. तिची बोटं चालताना मी बंद असायचे. तेवढाच वेळ मला तिच्या बोटांचं काही करता येत नव्हतं.

सुरुवातीला दोन्ही बटणं दाबून काम चालायचं. पितळेची गोल चकती साच्यात ठेवायची, दोन्ही हात मागे, दोन्ही बटणं, धाड. तबक काढायचं. यात वेळ जातो. आमचा सुपरवायझर गोपीचंद याला वेळ गेलेला खपत नाही. त्याने आधी डाव्या बटणावर लाकडाची ढलपी ठोकली. बायकांनी ती काढून टाकली. मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मला धुतलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. गोपीचंदने नारळ फोडला आणि एक सुपारी घेतली. ती त्याने बरोबर डाव्या बटणावर ठेवली, बटण आत दाबलं आणि लाल दोऱ्याने करकचून बांधून टाकलं. मग हात जोडून म्हणाला, "देवाचा दोरा हाय, बायांनो. कोनी सोडाचा नाई. जो सोडन त्याच्यावर मशीन कोपन."

काय डोकं आहे बघा! ढलपीला कोणी भीत नव्हतं, सुपारीला सगळ्या भ्यायल्या. त्या दिवसापासून मी एका बटणावर चालू लागले. डावा हात माझ्या तोंडात आणि उजवा बटणावर. तबकांचे ढीग लागले. मालकाने येऊन माझी पाठ थोपटली. "मशीन सोन्यासारखी चालून राहिली," तो म्हणाला. माझ्या उभ्या आयुष्यातलं हे एकमेव कौतुक.

थंडीच्या दिवसांत एकदा नंदिनीचा डावा हात निघायला क्षणभर उशीर झाला. मी तिच्या मनगटाला शिवले. काचेच्या बांगड्या फुटून साच्यात पडल्या. नंदिनी किती तरी वेळ त्या तुकड्यांकडे बघत बसली. मग तिने पिशवीतून जाळ्याचा दोरा कापायची सुरी काढली आणि सगळ्यांसमोर देवाचा दोरा कापला. सुपारी गडगडत भुशात गेली.

सखाबाई धावत आली. "काय केलं वो पोरी? देवाचा दोरा कायले तोडला?"

"माय, देवाले माहे दोन हात बांधून ठेवाचे असते तं त्यानं दिलेच नसते," नंदिनी म्हणाली. "मशीनले दोन बटनं हायेत. मी दोन दाबीन."

गोपीचंद लालबुंद झाला. "टारगेट नाई भरलं तं घरी बसाचं," म्हणाला. नंदिनीने ते भरून दाखवलं. तिने एक युक्ती काढली. उजवा तळवा उजव्या बटणावर कायम दाबून ठेवायचा. डाव्या हाताने चकती बसवायची, सारखी करायची आणि हात बाहेर काढून डावं बटण दाबायचं. डावा हात आत आहे तोवर डावं बटण मोकळं, आणि ते मोकळं आहे तोवर मी मुकी. युक्ती चांगली होती. पोरीचं माझ्या अंगातल्या तारांवर लक्ष होतं, त्या शिकलेल्या इंजिनिअरइतकंच. काम भरभर होऊ लागलं आणि गोपीचंद गप्प बसला. उजवा तळवा बटणावर टेकवणं तिला श्वास घेण्यासारखं सवयीचं झालं.

पण सखाबाईच्या मनातून तो दोरा गेला नाही. उन्हाळ्यात तलाव आटला, जाळ्यात मासोळी येईना. पावसाळ्यात मंगरूला ताप भरला तो उतरेना. सखाबाई तबकं पुसता पुसता माझ्याकडे बघायची आणि हात जोडायची.

"तुह्या बापाचं आंग तापून राहिलं," ती लेकीला म्हणायची. "त्या दोऱ्याचंच हाय हे."

"तो पान्यात उभा रायते म्हनून तापून राहिला, माय. दोऱ्यानं नाई."

"तुले काय समजते!"

मायलेकींचं एवढंच बोलणं व्हायचं. मग दुसरा दसरा आला.

त्या दिवशी सखाबाई सगळ्यांच्या आधी आली. शेडमध्ये कोणी नव्हतं. तिने मला पदराने पुसलं, अगदी लहान लेकराचं तोंड पुसावं तसं. पदराच्या गाठीतून सुपारी काढली, डाव्या बटणावर ठेवली, ते आत दाबलं आणि दोरा बांधला. लेकीने पुन्हा कापू नये म्हणून वरून झेंडूचा जाडजूड हार टाकला. सुपारी दिसेना, दोरा दिसेना. मग माझ्या पायाशी डोकं टेकून म्हणाली, "माही पोरगी अजान हाय. तिच्यावर कोपू नको, माय."

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते बोलायचं नाही.

पूजा झाली, नारळ फुटला, प्रसाद वाटला. "मुहूर्ताचं तबक काढ," गोपीचंद म्हणाला. चाक फिरू लागलं. नंदिनी नवी साडी नेसून आली होती. तिने डाव्या हाताने चकती आत ठेवली, आणि चार बोटांनी ती सारखी करता करता रोजच्यासारखा उजवा तळवा बटणावर टेकवला.

मी खाली आले. मी तेवढंच करते.

तिच्या डाव्या हाताचा अंगठा राहिला. बाकीची चार बोटं राहिली नाहीत. बायका किंचाळल्या, कोणीतरी वीज बंद केली. धक्क्याने हार घसरून खाली पडला होता. नंदिनी आधी ओरडलीच नाही. ती बटणाकडे बघत होती. दोऱ्याची गाठ तिला दिसली. दुहेरी वेढा घेऊन मागून ओढलेली, पाण्यात भिजली तरी न सुटणारी जाळ्याची गाठ. ती गाठ शेडमध्ये दोघींनाच येत होती, आणि एकीने ती मारली नव्हती. नंदिनीने झेंडूचा हार उचलला आणि उजव्या हाताने पुन्हा बटणावर टाकला. मग ती ओरडली.

तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. इकडे गोपीचंद सगळ्या बायांना गोळा करून म्हणाला, "पाहा. दोरा तोडला व्हता ना इनं? घेतला ना देवानं भोग?" सखाबाई भुशाच्या ढिगावर बसून कपाळ बडवत होती. "म्या उशीर केला," एवढंच ती पुटपुटत होती. आपण आधीच दोरा बांधला असता तर लेक वाचली असती, असं तिला वाटत होतं.

आणि ते मुहूर्ताचं तबक? जरा वाकडं निघालं होतं. गोपीचंदने लाकडी हातोडीने ठोकून सरळ केलं, धुतलं आणि ढिगात टाकलं. ढीग सखाबाईपुढे गेला. तिने ते भुशात घोळून लखलखीत पुसलं. कोणतं होतं, ते तिला कळलंही नाही. ते कोणाच्या तरी देवघरात आहे. त्याचा काठ उंच आहे, कोणाची बोटं भाजत नाहीत.

जखम भरल्यावर नंदिनी परत आली. प्रेसवर नाही, आईशेजारी भुशात. तबक गुडघ्यात धरून ती एका हाताने पुसायची. जाळं पुन्हा पिशवीतून निघालं नाही. सखाबाई रोज तिची वेणी घालायची आणि रोज म्हणायची, "तुह्या हट्टानं झालं, पोरी." नंदिनी म्हणायची, "हाव, माय." हाव म्हणजे हो; ती वर्षभर हाव म्हणाली. बोटं गेली तेव्हा मला जो आवाज ऐकू आला, त्यापेक्षा हा हाव मला जास्त बोचायचा. लोखंडाला बोचत नाही असं समजू नका.

माझ्या स्टुलावर आता चंदा बसते. शेतकऱ्याची पोर, हसरी, बडबडी. डावा हात आत, उजवा बटणावर. झेंडूखालचा दोरा तसाच राहिला होता; तो अपघातानंतर कोणीतरी बांधला, असंच सगळ्यांना वाटलं. नंदिनीने तिला दोन-तीनदा सांगून पाहिलं, "तो दोरा सोड, दोन हातानं चालव." चंदा म्हणायची, "नाई वो बाई, तुह्यासारखं कराचं हाय का मले?" नंदिनीपुढे दोनच वाटा होत्या. गप्प राहायचं आणि चंदाची बोटं जाताना बघायची. किंवा बोलायचं आणि स्वतःच्या आईला सांगायचं की माय, हे तू केलंस. अशी निवड करायची वेळ मी शत्रूवरही येऊ देणार नाही, आणि मी काही मायाळू नाही.

परवा पुन्हा दसरा झाला. जुना दोरा झिजला होता. सखाबाईने तो काढला आणि नवी सुपारी घेऊन पुढे आली. चंदा हात जोडून उभी होती.

"थांब, माय," नंदिनी म्हणाली. "नोको बांधू."

"काहून वो? तुह्यासारखं या पोट्टीचं होऊ नये म्हनून तं बांधून राहिली!"

नंदिनीने खराट्याची एक जाड काडी घेतली आणि माझ्या तोंडात ठेवली. मला चालू केलं. डावं बटण मोकळं होतं. तिने उजव्या बटणावर तळवा ठेवला. मी हलले नाही. मग तिने आईच्या हातातली सुपारी घेतली, डाव्या बटणावर ठेवून फक्त अंगठा राहिलेल्या त्या हाताने दाबून धरली, आणि उजवं बटण पुन्हा दाबलं. धाड. काडीचा भुगा झाला.

चंदाने जोडलेले हात पाठीमागे घेतले.

"पन तू तं दोरा तोडला व्हता," सखाबाई हळूच म्हणाली.

"तोडला व्हता. तोडला व्हता तवरिक माहे हात साबूत व्हते." नंदिनीने सुपारी आईपुढे धरली. "मंग दसऱ्याले झेंडूखाली कोनं बांधला, माय? जाळ्याची गाठ व्हती. तूच मले शिकवली ते."

सखाबाईने लेकीच्या हाताकडे बघितलं, सुपारीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. ती जिथे उभी होती तिथेच खाली बसली. नंदिनी तिच्याजवळ बसली आणि तिने आईचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "मले सांगाचं नोहतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मले सांगाचंच नोहतं, माय." त्या दिवसापासून सखाबाई कोणतीच गाठ मारत नाही. साडीच्या पदरालाही नाही.

दुसऱ्या दिवशी गोपीचंदने चिकटपट्टी आणली आणि डाव्या बटणावर चिकटवली. चंदाने त्याच्यादेखत ती टरकावून काढली. संध्याकाळी त्याने पुन्हा लावली, सकाळी तिने पुन्हा काढली. चिकटपट्टीत देव नसतो, मित्रांनो. तिला कोणी भीत नाही.

आता तुम्हाला काही मागते. मला हार घालू नका, कुंकू लावू नका, माझ्यापुढे नारळ फोडू नका. मला तेल द्या, आणि खुराड्याची ती जाळी परत आणून लावा. कोंबड्यांना दुसरी मिळेल. आणि तुमच्या घरी पितळेचं तबक असेल तर त्याच्या काठावरून एकदा बोट फिरवा. तुमचं बोट भाजू नये म्हणून तो उंच केलाय. फिरवा सावकाश, सगळी बोटं फिरवा. तुमच्याजवळ आहेत.